टायमिंग किट बदलून आठ महिने: खलबत्ता थांबला, मधेच शीळ आली, तीही गेली

आईला गाडीतलं काही कळत नाही, पण कान तिखट आहे. गेल्या नोव्हेंबरात सकाळी इंदूरला रामबागेतल्या आमच्या गल्लीत गाडी सुरू करून मी फाटक उघडायला उतरलो, तर ओट्यावरून म्हणाली, "अरे, आत कुणी खलबत्ता कुटतंय का?" मी म्हटलं, डिझेल आहे, थंडीत वाजतंच. आठवडाभरात मलाही ते ऐकू यायला लागलं. थंडीतली कटकट इंजिन तापल्यावर निवते. ही ठकठक गरम झाल्यावरही तशीच राहायची.

गाडी 2013 ची एसयूव्ही, दीड लिटर डिझेल, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. 2017 ला जुनीच घेतली, तेव्हा 1,18,000 किलोमीटर झाले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही. हेच इंजिन आपल्याकडे चार-पाच वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत आलं, आणि दोष गाडीचा नाहीच, वयाचा आहे. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्टच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, रबराचा, तो उभ्या गाडीतही म्हातारा होतो. आधीच्या मालकाने तो कधी बदलला याचा कागद माझ्याकडे नव्हता. घेतानाच मागायला हवा होता.

सगळ्यात जास्त पैसे गेले ते निदानात.

पहिल्या वर्कशॉपने स्कॅनर लावला. एकही एरर नाही, तरी निकाल, "इंजेक्टर." सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे हे चारही उतरवून डिझेल-पंप दुरुस्तीवाल्याकडे तपासले, वॉशर बदलले, सात हजार गेले. आवाज जसाच्या तसा. खरं तर इंजेक्टर उतरवण्याआधी त्यांच्या रिटर्नच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून कुठल्यात जास्त डिझेल जमतं हे बघता येतं. दहा मिनिटांचं काम, कुणी केलं नाही. दुसऱ्याने बोनेट उघडल्या उघडल्या कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची, बेअरिंग गेली म्हणून सांगितलं आणि इंजिन खोलायचा साठ-सत्तर हजारांचा अंदाज दिला. त्या रात्री मी गाडी विकायच्या जाहिराती बघत बसलो होतो.

तिसरे भेटले ते महू नाक्याकडचे एक वयस्कर उस्ताद. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. चालू इंजिनात एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढलं आणि कान दिला. रॉडची बेअरिंग ठोकत असेल तर त्या सिलिंडरचा जाळ बंद होताच ठोका मऊ पडतो. इथे इंजिन थरथरलं, ठोका तोच. मग ऑइल प्रेशरचं मीटर लावलं, ठीक निघालं. बाहेरचा पट्टा, म्हणजे अल्टरनेटर आणि एसीचा, उतरवून मिनिटभर इंजिन चालू ठेवलं. आमच्या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, म्हणून इतपत चालतं. आवाज तरीही होता. शेवटी लांब पेचकस कानाला लावून ते व्हॉल्व्ह कव्हरपासून खाली सरकत गेले, आणि टायमिंगच्या बाजूच्या कव्हरवर थांबले. "भिया, ये इंजन का माल नी है. टेंशनर बोल रिया है." टेन्शनर म्हणजे टायमिंग बेल्ट ताणून धरणारी पुली.

आवाज फसवतो तो इथेच. अख्खं इंजिन धातूचं, कुठेही ठोका पडला तरी सगळीकडून ऐकू येतो. मला तो खालून, ऑइल पॅनमधून आल्यासारखा वाटायचा. वरचं कव्हर काढल्यावर काळी भुकटी पडली, पट्ट्याची कड उसवलेली होती, आणि टेन्शनरचा ताण दाखवणारा काटा आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, सारखा फडफडत होता. झालं असं की कॅमशाफ्ट काही एकसारख्या ताकदीने फिरत नाही. व्हॉल्व्ह दाबताना स्प्रिंग तिला अडवते, सुटताना पुढे ढकलते, वर डिझेलच्या पंपाचे झटके वेगळे. हे हिसके टेन्शनरने गिळायचे असतात. तो थकला की त्याचा हात अडणीवर आपटतो. खलबत्ता तोच. पट्टा तुटला असता किंवा दोन-चार दाते सरकला असता, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून दुसऱ्या मिस्त्रीचं भाकीत खरं ठरलं असतं.

बदललं काय: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला वळण देणारी मोकळी पुली), पाण्याचा पंप, बाहेरचा पट्टा आणि त्याचा टेन्शनर, क्रँक पुलीचा नवा बोल्ट, कूलंट. सामान चौदा हजार एकशे, मजुरी साडेचार हजार. पंप टपकत नव्हता. पण तो पुढे टपकला तर हीच सगळी मजुरी पुन्हा, शिवाय गळतं पाणी नव्या पट्ट्यावर. इथे कंजुषी करू नका. बाहेरच्या पट्ट्याचंही तसंच. तो फाटला तर त्याचे धागे पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये शिरतात. सामान सीलबंद खोक्यातलं पूर्ण किट घेतलं. सुटा पट्टा निम्म्याहून स्वस्त मिळत होता, पण मग जुना टेन्शनर तसाच राहिला असता.

काम दीड दिवसाचं. मी स्टूल टाकून बसलो होतो. उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं, लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोललं, मगच उजवं माउंटिंग सोडलं. जुन्या रंगाच्या खुणांवर उस्तादांचा भरवसा नाही. कॅम आणि क्रँक दोन्हीकडे पिना घालून कुलूप केल्यावरच पट्टा उतरवला. नवा चढवल्यावर पिना काढून, इंजिन फिरतं त्याच दिशेने क्रँकला पान्याने दोन पूर्ण फेरे दिले, पिना पुन्हा बसतात का बघितलं, मग किल्ली. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणून दोन. कुठे अडलं तर हाताला कळतं. स्टार्टर मारला तर व्हॉल्व्हला कळतं. कुणी हे दोन फेरे टाळत असेल तर किल्ली काढून घ्या.

ठोका पहिल्या सुरुवातीलाच गेला. मात्र तीनशे किलोमीटरनंतर ऐंशीच्या वेगाला बारीक शीळ ऐकू यायला लागली. परत गेलो. टेन्शनरचा काटा खुणेच्या थोडा पुढे होता, म्हणजे पट्टा जास्त ताणलेला. उस्ताद म्हणाले, "मेरी गलती," आणि थंड इंजिनावर पुन्हा बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत. शीळ बंद.

त्यानंतर नऊ हजारांवर किलोमीटर झाले. मे महिन्यात आत्याकडे धुळ्याला गेलो, पाच माणसं, सामान, आंब्याच्या पेट्या. परतताना बिजासन घाटात तिसऱ्या गिअरवर एसी चालू ठेवून चढलो. तापमानाचा काटा मध्यावर, आवाज फक्त डिझेलचा. महेश्वरच्या दोन फेऱ्याही झाल्या. मायलेज वाढलं नाही, आधी सतरा होतं, आजही सतरा. पिकअपही तेवढंच. पट्टा दाता सरकलेला नसेल तर किटने गाडी पळायला लागत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो साडेअठरा हजारांचं समाधान बोलतोय.

जुलैत पावसात सकाळी किंचाळणं सुरू झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. निघालं भलतंच. चाकामागच्या प्लास्टिकच्या क्लिपा काम करताना तुटल्या होत्या, मिस्त्रीच्या पोराने केबल टायने बांधल्या होत्या, त्या सुटल्या. तिथून पाणी-चिखल थेट बाहेरच्या पट्ट्यावर. बारा क्लिपा घेतल्या आणि घरीच बसवल्या.

बोनेटच्या आत तारीख आणि किलोमीटरची चिठ्ठी चिकटवली आहे. दर सर्व्हिसला वरचं कव्हर काढून टेन्शनरचा काटा बघून घेतो, पाच मिनिटं लागतात. 2028 ला रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं भरतील, तोवर गाडी विकत नाही. आईची सध्याची तक्रार मागच्या दाराच्या खडखडीची आहे.