नॉर्डहाव्न की ओरेस्टाड: आमचं एका पडद्यावरून ठरलं

कोपनहेगनला नोकरी मिळाली आहे, नव्या बांधणीचंच घर हवं आहे, आणि फिरून फिरून नॉर्डहाव्न आणि ओरेस्टाड या शहरातल्या दोन नव्या वस्त्यांचीच नावं उरली आहेत. काय करू? असं विचारणारे वर्षाला दोनचार जण तरी भेटतात. आम्ही दोन्हीकडे भाड्यानं राहिलो आहोत. आधी दीड वर्ष नॉर्डहाव्नमध्ये, आणि आता ओरेस्टाडच्या दक्षिण टोकाला चौथं वर्ष चालू आहे. भाडं, अनामत, मेट्रोचा पास हा हिशोब तुम्ही केला असेलच. मी सांगतोय ते राहून कळलेलं.

घर बघायला गेलात तर नॉर्डहाव्न जिंकणार, यात वाद नाही. जुनं मालाचं बंदर, आणि त्यावर कोबे या वास्तुरचना संस्थेच्या आराखड्यानं वसत चाललेली वस्ती. ओऱ्हूसगेडच्या भागात गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्यात, समुद्रावरचा वारा सरळ घुसू नये म्हणून. खाली बेकरी, सायकलवाला, कॉफीची दोन टेबलं. धान्य साठवायचं एक जुनं कोठार, म्हणजे सायलो आहे, त्याला २०१७ मध्ये जस्त चढवलेल्या पोलादाचं कोनाकोनाचं कवच घालून आत घरं केली. काही खोल्यांची उंची सात मीटरपर्यंत आहे म्हणतात. आपल्या खिशाबाहेरचं प्रकरण, पण जातायेता बघायला छान. पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर, २४ मीटर उंचीवर, मुलांना खेळायला जागा आणि बाहेरून चढत जाणारा लाल जिना. सँडकायच्या धक्क्यावरून लोक पाण्यात उड्या मारतात, त्यातले काही जानेवारीतसुद्धा. २०२० पासून मेट्रोही आली, पाचसहा मिनिटांत शहराच्या मध्यात. मेट्रोचे बोगदे खणताना निघालेली माती याच बंदरात भराव म्हणून टाकली. तो भराव अजून बांधून व्हायचाय, त्यामुळे क्रेन इतक्यात हलणार नाहीत हेही लक्षात ठेवा.

ओरेस्टाड याउलट पहिल्यांदा बघताना अंगावर येतं. सुमारे पाच किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद अशी ही पट्टी. तिथली जमीन विकून मेट्रोचा खर्च काढायचा, असा मुळातला बेत. मोठमोठे तुकडे विकले गेले, एकेका तुकड्यावर एकेक अवाढव्य इमारत उभी राहिली, आणि प्रत्येकीला वाटतं आपणच नवरी. २००४ मध्ये फील्ड्स मॉल उघडला, तेव्हा दुकानं त्याच्या पोटात गेली आणि रस्त्यावर उरला वारा. फेब्रुवारीत मेट्रोतून उतरून घरी जाताना मी सायकल हातात धरून ढकलत नेली आहे, एका हातात दुधाची पिशवी आणि टोपी दातात. हा त्रास खरा आहे. तो लपवून तुम्हाला ओरेस्टाड विकण्यात अर्थ नाही.

(जाता जाता: तिथल्या 'बियर्गेट' म्हणजे 'डोंगर' नावाच्या इमारतीच्या पार्किंगवर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना भोकं पाडून एव्हरेस्टचं चित्र उमटवलंय. ज्या देशातलं सर्वांत उंच नैसर्गिक टोक १७१ मीटरचं, त्या देशाची ही हौस. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा तिथं फोटो काढतो.)

घरांच्या आतली मांडणी दोन्हीकडे जवळपास सारखीच. पांढऱ्या भिंती, फिकट ओकची जमीन, स्वयंपाकघर आणि बैठक एकच. ओट्यावरची चिमणी फोडणीपुढे हात टेकते, त्याबाबत डावंउजवं करण्यासारखं काही नाही. छताला दिव्यांची नुसती जोडणी असते, दिवे आपणच आणायचे. एक दिवा जेवणाच्या टेबलावर खूप खाली सोडायचा, ही इथली रीत. आपल्याला आधी डोकं आपटेल असं वाटतं, पण महिन्याभरात तोच उजेड आवडायला लागतो.

आणि काच. जमिनीपासून छतापर्यंत. आमचं बिनसलं ते इथं.

नॉर्डहाव्नमध्ये आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वारा अडवणारी ती सुंदर अरुंद गल्ली खाली, आणि गल्लीपलीकडे समोरच्यांची तशीच काच. इथं बहुतेक लोक पडदे लावत नाहीत. समोरचं जोडपं साडेसहाला टेबलाशी बसे, दिवा खाली ओढलेला, जणू रंगमंचावरचा प्रकाशझोत. त्यांनी आम्हाला मुद्दाम कधीच बघितलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण मान वर केली की नजर भिडायची. मंगळवारी त्यांच्याकडे मासे असतात हे मला माहीत होतं. म्हणजे आमच्याकडे पिठलं कधी असतं हे त्यांनाही माहीत असणार.

मग पडदा लावायचं ठरलं. छत काँक्रीटचं, भाड्याच्या घरात भोकं पाडायला लेखी परवानगी, आणि बाहेरून दिसणारा पडदा पांढराच हवा असा नियम. परवानगी यायला सात आठवडे लागले. तोवर आम्ही आईनं दिलेली सोलापुरी चादर दोन उभ्या दिव्यांमध्ये दोरी बांधून टांगली. रात्री खालून बघितलं तर अख्ख्या इमारतीत एकच खिडकी लालभडक. कोणी काही बोललं नाही. डेन लोक बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. पुढे पांढरा पडदा लागला, तर घरात नोव्हेंबरचा उरलासुरला उजेडही येईना. पडदा उघडला तर प्रदर्शन, ओढला तर गोडाऊन.

आई आली होती तेव्हा खिडकीशी खाली बसून शेंगा सोलायची. समोरच्या बाईंनी एकदा हात हलवला, आईनंही हलवला, आणि पुढचा महिनाभर रोज सकाळी हा कार्यक्रम. आईला ते घर फार आवडलं. तेव्हा आवडनिवड माणसागणिक, एवढं मान्य करतो.

ओरेस्टाडमध्येही काच तेवढीच. पण आमच्या समोर काल्वेबोड फेलेडचं मोकळं माळरान आहे, आणि उन्हाळ्यात तिथं गाई चरतात. त्या बघतात, पण त्यांची हरकत नाही. हे सगळं आमच्या नशिबानं झालं असंही नाही. इथल्या आरंभीच्या इमारतींत ही अडचण कोणीतरी विचारात घेतलेली दिसते. २००५ मध्ये झालेल्या व्हीएम घरांच्या दोन इमारती व्ही आणि एम या अक्षरांसारख्या मोडल्यात, त्या याचसाठी की समोरासमोरची खिडकी टळावी आणि नजर तिरकी माळरानाकडे जावी. बाहेर आलेल्या टोकदार बाल्कन्यांत मात्र उभं राहिलात तर सगळ्या शेजाऱ्यांची ओळख होणार. २०१० मधल्या एट हाउस या इमारतीचा माळरानाकडचा कोपरा जवळपास जमिनीपर्यंत दाबलाय, म्हणून आतल्या चौकात ऊन उतरतं. दोन्ही कामांत वास्तुरचनाकार ब्यार्के इंगेल्स होते. एट हाउसमध्ये दाराशी चिमुकली बाग आणि बागेपुढून दहाव्या मजल्यापर्यंत जाणारी वाट. त्या वाटेवर बघे फिरत असतात, तेव्हा तिथं घर मिळत असेल तर वाटेला लागून आहे की नाही ते बघा. नाहीतर नॉर्डहाव्नची गल्ली तुमच्या दारात आलीच म्हणून समजा.

एकटे असाल, संध्याकाळी खाली उतरून माणसांत बसायला आवडत असेल, तर नॉर्डहाव्न घ्या, पस्तावणार नाही. फक्त चौथ्या मजल्याच्या वर बघा किंवा पाण्याकडे तोंड असलेलं. मुलं असतील, घरात पसारा असतो, आणि कोणी बघत नसताना लुंगीवर फिरायची सवय असेल, तर माझ्या मते वारा सोसलेला बरा. टोपी घट्ट मिळते बाजारात.

आणि घर बघायला दुपारी जाऊ नका. काळोख पडल्यावर जा. एकानं आत सगळे दिवे लावून बसायचं, दुसऱ्यानं खाली रस्त्यावर उभं राहून वर बघायचं, मग जागा बदलायच्या.