सोनेरी बाटली बंदच राहू द्या: दागिन्यांच्या स्केचसाठी कॅमल पोस्टर कलर

जळगावच्या सराफ पेढ्यांना मी दागिन्यांची डिझाइनं काढून देते. पुढचं सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण गिऱ्हाइकासमोर ठेवायचा पहिला कागद मी हातानेच रंगवते. त्यासाठी गेली नऊ वर्षं कॅमलचे पोस्टर कलर वापरते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपण सगळे घेऊन जायचो, तेच.

सुरुवातीला मी दुसऱ्याच एका कंपनीची चमकीची सोनेरी बाटली घेतली होती. सोनं काढायचं तर सोनेरी रंग, एवढा सरळ हिशोब. अमळनेरच्या एका घरासाठी पाटल्या रंगवल्या. आजींनी कागद खिडकीशी नेला, उलटसुलट केला आणि विचारलं, “माय, हाई सोनं शे का पितय?” सोनं की पितळ, हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. चमकीचा रंग सगळीकडे सारखाच चमकतो, त्यामुळे पाटलीची गोलाई दिसतच नाही. सोनं डोळ्यांना पटतं ते गडद तपकिरीला खेटून एकदम पांढरी रेघ आली की.

आता मी चार सुट्या बाटल्यांत सोनं काढते. आधी सगळीकडे यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. सावलीच्या बाजूला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. उजेडाकडे लेमन यलोत थोडा पांढरा. शेवटी तीन शून्याच्या ब्रशने निव्वळ पांढऱ्याची केसाएवढी रेघ. उजेड कायम डावीकडून, वरून. दागिन्याच्या चित्रात ही रीतच आहे, त्यामुळे उंचवटा कुठे आणि खोलगट भाग कुठे, हे कारागिराला विचारावं लागत नाही. रोझ गोल्डमध्ये तांबं जास्त असतं, म्हणून ऑकरमध्ये सिएना आणि किंचित लाल घालते. २२ कॅरेटच्या हारात १८ कॅरेटचं रोझ गोल्डचं फूल बसवायचं असेल, तर हा फरक कागदावर दिसलाच पाहिजे.

पारदर्शक खड्यांचा नियम उलटा. माझं जास्तीत जास्त चुकायचं ते इथेच. मोती किंवा पोवळ्यावर चमक डावीकडे वर येते, सावली उजवीकडे खाली. पण पैलू पाडलेला पारदर्शक माणिक घ्या: उजेड आत शिरून पलीकडे उतरतो, म्हणून डावी-वरची बाजू गडद आणि उजवी-खालची उजळ. हे साधलं नाही तर माणिक काचेच्या मण्यासारखा दिसतो.

पोस्टर कलरच का? तो अपारदर्शक आहे. गडद थरावर पांढरा ठेवला की तो वरच बसतो. मी राखाडी पेस्टल शीटच्या गुळगुळीत बाजूवर काम करते. जलरंग तिथे मुरून मळकट होतो, पोस्टर कलर उठून दिसतो. नथीचे मोती पांढऱ्या कागदावर हरवतात, राखाडीवर टपोरे दिसतात. कागदाचा रंगच मधली छटा होतो, तेवढं रंगकाम वाचतं.

अल्कोहोल मार्करचा एक मोठा संचही घेऊन पाहिला. आमच्या मे महिन्याच्या उन्हात त्याची टोकं सुकली, आणि गडदावर उजेड चढवणं त्याला जमतच नाही. कपड्याच्या किंवा फर्निचरच्या स्केचला तो ठीक असेल.

पोस्टर कलरला जपावं लागतं. वाळलेल्या थरावर ओला ब्रश दोनदा फिरला की खालचा रंग सुटून वर येतो. एकच फटका, मग हात उचलायचा. उन्हाळ्यात स्टीलच्या ताटलीखाली ओलं फडकं ठेवते, नाहीतर ऑकर पाच मिनिटांत खडखडीत. घामाचा हात लागला तरी डाग पडतो, म्हणून मनगटाखाली कोरा कागद असतोच.

रंग किती लावायचा, हेही हळूहळू कळलं. पूर्वी मी मागे गुलाबी छटा द्यायचे, मान काढायचे, साडीचा काठसुद्धा. गिऱ्हाईक काठाबद्दलच बोलत बसायचं. आता मीनाकाम, खडे आणि धातू एवढ्यालाच रंग. पाटल्यांच्या जोडीतली एक पूर्ण रंगवते, दुसरी पेन्सिलच्या रेघेत सोडते. नजर आपोआप रंगवलेलीवर जाते, आणि माप घ्यायला कारागिराला दुसरी मोकळी मिळते.

घेणार असाल तर पांढऱ्याच्या दोन बाटल्या घ्या, तो सगळ्यात आधी संपतो.