फॉरगिव्हिंग ड्रायव्हर कुठला घ्यावा: पिंग १०के, टेलरमेड क्यूआय१० मॅक्स, की सरळ ड्रॉ-बायसवाला?

गोल्फसाठी फॉरगिव्हिंग ड्रायव्हर (लांब पहिला फटका मारायची काठी, चुकलेला फटकाही सांभाळून घेणारी) घ्यायचाय, कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, बॉल फेसवर, म्हणजे काठीच्या हेडच्या (डोक्याच्या) मारायच्या बाजूवर, लागतो कुठे? बॉल कुठे गेला ते सगळ्यांना नीट आठवतं, पण फेसवर कुठे लागला ते फार कमी लोकांनी बघितलेलं असतं आणि सगळा निर्णय तर त्यावरच आहे. म्हणून मॉडेलची नावं बघण्याआधी हे करा: फेसवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे हलकासा मारा, आठ-दहा बॉल मारा आणि डाग बघा. डाग टोपासून (हेडचं बाहेरचं टोक) हीलपर्यंत (शाफ्टकडचं, म्हणजे दांड्याकडचं टोक) सगळीकडे विखुरलेले आहेत, की सगळे एकाच जागी आहेत आणि तरीही बॉल उजवीकडेच वळतोय? हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना औषध वेगळं. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितोय, डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरा.)

आता थोडं एमओआयबद्दल (मोमेंट ऑफ इनर्शिया), कारण जाहिरातीत सगळीकडे तोच आकडा असतो. बॉल मधोमध न लागता बाजूला लागला की हेड हातात फिरतं, वेग जातो, फेस उघडतो किंवा बंद होतो. एमओआय जास्त म्हणजे हेड कमी फिरणार, बस एवढंच. नियमात हेडचा आकार ४६० सीसीपर्यंत आणि टो-हील दिशेचा एमओआय ५९०० (ग्रॅम-चौरस सेंटिमीटर) पर्यंत, वर थोडी टॉलरन्स. वर-खाली दिशेच्या एमओआयला मात्र नियमात मर्यादा नाही, त्यामुळे कंपन्यांनी दोन्ही आकड्यांची बेरीज करून १०,००० ओलांडल्याचं सांगायला सुरुवात केली. २०२४ च्या जानेवारीत पिंग जी४३० मॅक्स १०के आणि टेलरमेड क्यूआय१० मॅक्स दोन्ही हाच आकडा घेऊन आले. आता त्यांच्यानंतरची मॉडेल्सही आलीत, पण या दोघांमध्ये बघायचे मुद्दे पुढच्यांनाही तसेच लागू पडतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, एमओआय स्लाइस (हवेत उजवीकडे वळत जाणारा बॉल) सरळ करत नाही. तुमचा फेस स्विंगच्या वाटेच्या मानाने उघडा येत असेल तर बॉल अगदी मधोमध लागूनसुद्धा उजवीकडे वळणार आणि १०,००० चं हेड त्याला काहीही करू शकत नाही. इथेच लोकांचा हिरमोड होतो, महागाचा ड्रायव्हर घेतात आणि पुढच्या राउंडला बॉल त्याच झाडीत.

आता तुलना.

पिंग १०के. मागच्या बाजूला २८ ग्रॅमचं टंगस्टनचं वजन कायमचं बसवलेलं, सरकवता येत नाही. वजन इतकं मागे गेल्यामुळे बॉल सहज वर उठतो. ज्याचे डाग फेसभर विखुरलेत त्याच्यासाठी माझी पहिली पसंती हाच, कारण टोला लागलेला बॉलसुद्धा बऱ्यापैकी लांब जातो आणि वाईट आणि चांगल्या शॉटमधलं अंतर कमी होतं. याच कुटुंबातला साधा जी४३० मॅक्स घेतला तर एमओआय थोडा कमी, पण मागचं वजन ड्रॉ (बॉल डावीकडे वळवणारी), न्यूट्रल (मधली), फेड (उजवीकडे वळवणारी) अशा तीन जागी हलवता येतं. ज्याला थोडासाच उजवा मिस आहे त्याला मी १०के सोडून हाच घ्यायला सांगेन, तिथे आकड्याचा मोह नको.

टेलरमेड क्यूआय१० मॅक्स. कागदावर पिंगच्या बरोबरीचा, हातात मात्र वेगळा. फेस कार्बनचा आहे, त्यामुळे आवाज दबका येतो आणि टायटॅनियमच्या टणत्काराची सवय असलेल्यांना सुरुवातीला बॉल नीट लागलाच नाही असं वाटतं. हे ऐकायला किरकोळ वाटेल पण आवाजावरून आपण शॉटचा अंदाज घेत असतो, त्यामुळे ज्याचा आवाज आवडत नाही तो ड्रायव्हर चार महिन्यांत बॅगेत पडून राहतो. फेसला जरा पीळ दिलेला आहे, टोच्या वरच्या भागात थोडा उघडा आणि हीलच्या खालच्या भागात थोडा बंद, म्हणजे तिथे लागलेला बॉल फार बाहेर जाऊ नये. लॉफ्ट (फेस मागे किती झुकलाय तो कोन) स्लीव्हवर (शाफ्ट आणि हेड जोडणारा फिरवता येणारा भाग) दोन डिग्री वर-खाली करता येतो, पिंगच्या मानाने थोडा जास्तच, पण सरकणारं वजन यातही नाही. उभं राहून वरून बघितलं तर हेड मागे चांगलंच लांब दिसतं, काहींना त्याने धीर येतो, काहींना बोजड वाटतं, हे दुसरं कोणी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

या दोघांचीही एक अडचण आहे जी दुकानात कोणी पटकन सांगत नाही. वजन जितकं मागे आणि बाहेर, तितकं हेड वळवायला जड. ज्यांचे हात आधीच उशिरा वळतात त्यांचा फेस आणखी उघडा राहू शकतो, म्हणजे जो माणूस स्लाइसला कंटाळून सर्वात जास्त एमओआयचं हेड घेतो त्याचीच स्लाइस तशीच राहते किंवा वाढते. सगळ्यांचं होतं असं नाही, पण होतं. शिवाय वजन मागे असलं की स्पिनही (बॉलची उलटी फिरकी) जास्त असतो, ज्याचा बॉल आधीच वर जाऊन फुगतो आणि जागेवर पडतो त्याने मापूनच घ्यावं.

मग उरतो ड्रॉ-बायसवाला, म्हणजे बॉल डावीकडे वळायला मदत करणारा गट, पिंगचा जी४३० एसएफटी किंवा कॅलवेचा एआय स्मोक मॅक्स डी. यात वजन हीलकडे ओढलेलं असतं, फेस वळायला सोपा जातो. ज्याचे डाग एकाच ठिकाणी आणि बॉल कायम उजवीकडे, त्याने एमओआयचा आकडा विसरून जावा आणि सरळ यातला एक घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लोक याला नवशिक्याचा ड्रायव्हर म्हणून नाकं मुरडतात, मुरडू देत, बॉल फेअरवेमध्ये (मधल्या कापलेल्या गवतावर) असेल तर तुमचं काय जातंय. एसएफटीमध्ये ड्रॉ आणि ड्रॉ प्लस अशा दोन जागा मिळतात. मात्र तुम्ही कोचकडे जाताय, स्विंग बदलताय, तर जरा थांबा, कारण स्लाइस गेली की हाच ड्रायव्हर डावीकडे ओढायला लागतो आणि न्यूट्रलची जागा त्यात नसते. अशा माणसाला कॅलवेचा साधा एआय स्मोक मॅक्स बरा, त्यात वजन ट्रॅकवर सरकवता येतं, आज ड्रॉकडे ठेवा, सुधारलात की मधे आणा.

कोबराचा मॅक्स आणि टायटलिस्टचा जीटी२ हेही चांगलेच आहेत, ज्यांना ते हातात छान वाटतात त्यांनी जरूर घ्यावेत, पण निर्णयाचं तर्कशास्त्र तेच राहतं म्हणून लांबवत नाही.

आता लॉफ्ट, आणि इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. बरेच जण ९ डिग्री मागतात कारण चांगले खेळाडू कमी लॉफ्ट वापरतात असं ऐकलेलं असतं. मध्यम किंवा सावकाश स्विंगवाल्याने १०.५ पासून सुरुवात करावी आणि १२ जरूर मारून बघावा. लॉफ्ट जास्त असला की तेवढ्याच उघड्या फेसवर बॉल कमी वळतो. दोन मॉडेलमधला फरक कधीकधी जाणवतही नाही, पण ९ आणि १२ मधला फरक पहिल्या पाच बॉलमध्ये दिसतो. आणि लॉफ्ट स्लीव्हने वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो, म्हणून स्लाइसवाल्याने १०.५ चं हेड घेऊन ते ९.५ वर सेट करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

लांबीचंही तसंच. हल्लीचे ड्रायव्हर दुकानात साधारण ४५.५ ते ४६ इंचांचे मिळतात, आणि टूरवरचे बरेच खेळाडू, ज्यांचा बॉल रोज मधोमध लागतो, ते याहून आखूड शाफ्ट वापरतात. विकत घेण्याआधी ग्रिप इंचभर खाली धरून दहा बॉल मारा आणि पुन्हा पावडरचे डाग बघा. डाग मधे आले तर शाफ्ट आखूड करून घ्या, फक्त कापल्यावर हेड हलकं वाटायला लागतं, तेव्हा करणाऱ्याला सांगून हेडला वजन परत लावून घ्या.

ट्राय करताना सगळ्यात लांब गेलेला शॉट बघून ठरवू नका, दुकानातल्या लाँच मॉनिटरवर (शॉट मोजणारं यंत्र) तोच सगळ्यांना दाखवतात. दहा बॉल मारा, त्यातला एकही पुसायला सांगू नका, आणि त्यातले सर्वात वाईट तीन कुठे पडले ते बघा. ज्या ड्रायव्हरचे वाईट तीन खेळता येण्यासारख्या जागी आहेत तो घ्या, मग चांगला शॉट दहा यार्ड कमी गेला तरी चालेल. दमल्यावर, शेवटी शेवटी मारलेले बॉल जास्त खरं सांगतात, म्हणून जो मनात पक्का होतोय तो सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा मारून बघा.