रिंग गॅप: घट्ट ठेवावा की सैल?

इंजिनाला टर्बो लावायचं ठरलं की पिस्टन रिंगच्या गॅपपाशी, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीपाशी, बरेच जण अडतात. जाहिराती बाजूला ठेवा. टर्बोने उष्णता वाढते, म्हणून रिंग किती तापते ते बघा.

100 मिमी बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भोकाचा) परीघ साधारण 314 मिमी. ओतीव लोखंडाची रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा 100 अंश सेल्सिअसने जास्त तापली, तर ती जवळपास 0.35 मिमी वाढते. म्हणजे 0.40 चा घट्ट गॅप जेमतेम पुरतो. 0.60 ला मोकळीक राहते.

ताकदीत घट्ट गॅप किंचित पुढे. पण तापल्यावर दोन्ही बरेचसे मिटतात, त्यामुळे फरक कागदावर दिसतो तेवढा उरत नाही. थंडपणी मात्र सैल गॅपमधून ब्लो-बाय, म्हणजे ज्वलनाच्या वायूंची खाली गळती, जास्त.

टिकाऊपणात सैल गॅप निर्विवाद सरस. टोकं भिडली की रिंग भिंतीला ओरबाडते, पिस्टनची कडही तुटते. उघडलेल्या इंजिनात रिंगची टोकं आरशासारखी चकाकत असतील, तर ती भिडलेलीच होती. थंड इंजिनावर एकदम जोर दिला की हा धोका वाढतो: रिंग झटकन तापते, बोअर मागे राहतो.

मेहनत सारखीच. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजा आणि रिंगचं टोक थोडं थोडंच घासा.

टर्बोविना रोजच्या वापराच्या इंजिनाला 0.40 च्या आसपास ठीक. टर्बो, नायट्रस (ताकद वाढवायला इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू) किंवा शर्यतीसाठी 0.60 कडे झुका, पण पिस्टन बनवणाऱ्याचा तक्ता आधी पाहा. दुसऱ्या रिंगचा गॅप दोन्ही प्रकारच्या इंजिनांत वरच्या रिंगपेक्षा थोडा सैलच ठेवा, नाहीतर दोन रिंगांमधे कोंडलेला दाब वरची रिंग उचलतो.