फेरेरो कुठले? इटालियन आडनावाचा माग काढणाऱ्या मोफत संकेतस्थळांची पारख

दिवाळीच्या दिवसांत इतवारीपासून सदरपर्यंत दुकानादुकानांच्या काउंटरवर सोनेरी कागदातल्या चॉकलेटचे डबे रचलेले असतात. त्यामुळे फेरेरो हे नाव नागपुरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कंपनी 1946 सालची, उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रदेशातल्या आल्बा गावची. आपल्या बारामतीतही तिचा कारखाना आहे. चाचणीसाठी आम्ही हेच आडनाव घेतलं, कारण दिसायला ते सोपं आहे, पण प्रत्येक संकेतस्थळाची कच्ची बाजू उघडी पाडतं.

अर्जेंटिना, ब्राझील किंवा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी इथे बसून वंशावळीचं काम करणारे असोत की नुसते हौशी, पहिला प्रश्न असतो पैसे भरायचे का. सुरुवातीला अजिबात नाही. फोरबेअर्स, कॉन्योमिक्स, सेमला, फॅमिलीसर्च आणि आंतेनाती या पाच ठिकाणी फुकटात मिळतं ते आधी संपवावं. मात्र पाचांची लायकी सारखी नाही, आणि सगळ्यात देखणं दिसतं तेच सगळ्यात कमी कामाचं आहे.

ते म्हणजे फोरबेअर्स. आडनाव रोमन लिपीत टाकलं की जगाचा नकाशा रंगून येतो आणि खाली देशवार तक्ता मिळतो: अंदाजे किती माणसं, किती जणांमागे एक, त्या देशात कितवा क्रमांक. आकडे 2014 चे आणि अंदाजे आहेत. नकाशाची दोन रूपं आहेत, एकात संख्या आणि दुसऱ्यात प्रमाण. घोळ प्रमाणाच्या नकाशात होतो. सान मारिनोची सगळी वस्ती 34 हजारांच्या आसपास. तिथे एका आडनावाची चार घरं असली तरी देश गडद होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मूळ सापडलं. आधी संख्या बघा, प्रमाण नंतर.

त्याहून मोठी अडचण स्पेनची. 2003 साली फ्रेंच ओपन जिंकलेला टेनिसपटू हुआन कार्लोस फेरेरो व्हॅलेन्सियाकडच्या ओन्तिन्येंत गावचा. फेरेरो म्हणजे मुळात लोहार. लोखंडाच्या कामाशी जोडलेल्या त्याच लॅटिन मुळापासून स्पेनमध्येही हे आडनाव स्वतंत्रपणे तयार झालं आहे, इटलीतून तिकडे गेलेलं नाही. आता अर्जेंटिनात इटालियनही गेले आणि स्पॅनिशही. म्हणजे तिथल्या आकड्यात दोन्हीकडचे फेरेरो मिसळलेले आहेत, आणि फोरबेअर्स ते वेगळे करून देत नाही.

स्पेलिंगच्या बाबतीत हे संकेतस्थळ किती कोरडं आहे ते बघायचं तर वानखेडे टाकून पाहा. विदर्भात एकाच घरात थोरल्याच्या मार्कशीटवर डब्ल्यू असतो आणि धाकट्याच्या आधार कार्डावर व्ही. मध्येच कुणीतरी खेडेचं खडे केलेलं असतं. फोरबेअर्सच्या लेखी ही सगळी वेगवेगळी आडनावं. इटालियनमध्ये लोरुस्सो एकत्र, लो रुस्सो तोडून, दे लुका आणि देलुका यांचंही तसंच. प्रत्येक रूप स्वतंत्र टाकून आकडे स्वतःच जोडावे लागतात. पाचापैकी दोन तारे, तेही नकाशा पटकन उघडतो म्हणून.

कॉन्योमिक्स फक्त इटलीपुरतं आहे आणि तेच त्याचं बळ. आडनाव टाकलं की आधी प्रदेशवार, मग जिल्हावार, मग गाववार कुटुंबांचे आकडे मिळतात. फेरेरो टाकलं की पिएमोंते बाकी सगळ्यांना मागे टाकतं आणि त्यातही तोरिनो, कुनेओ हे जिल्हे पुढे येतात. इथे लगेच तोरिनो शहर धरून बसू नये. 1899 मध्ये फियाट सुरू झाली आणि पुढे आसपासच्या खेड्यांतली माणसं कारखान्यांकडे ओढली गेली. शहराचा आकडा म्हणजे बाहेरून आलेल्यांची बेरीज. शहर बाजूला ठेवा आणि जिथे वस्ती थोडी पण कुटुंबं जास्त, अशी पाच-सहा गावं कागदावर उतरवा. आकड्यांना टेलिफोन डिरेक्टरीचा आधार आहे. ज्यांच्या घरी लँडलाइन नाही ते त्यातून गळतात, म्हणून आकडा अचूक समजू नका, कल तेवढा घ्या. जाहिराती त्रास देतात. साडेतीन तारे.

एवढ्यावर थांबून ‘तुमचं मूळ पिएमोंते’ असं गिऱ्हाइकाला कळवणारे बरेच आहेत. ते चूक नाही, पण पुरेसंही नाही. लोहार गावोगावी होता, त्यामुळे धंद्यावरून पडलेलं हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं उगवलं. लोम्बार्दी-एमिलियाकडे ते फेरारी झालं, दक्षिणेत फेरारो, पिएमोंतेत फेरेरो. सार्डिनियात लोहारावरून पडलेलं आडनाव फ्राऊ. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंतो इथल्या धर्मसभेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायला लावल्या, तेव्हापासून आडनावं पक्की होत गेली. शेजारच्या दोन गावांतल्या फेरेरोंचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही, जसा आपल्याकडे दोन पाटलांचा नसतो. याउलट पोप फ्रान्सिस यांचं मूळ आडनाव बघा, बेर्गोल्यो. त्यांचे वडील 1929 मध्ये अर्जेंटिनाला गेले, घराणं आस्तीजवळच्या पोर्ताकोमारोचं. असलं विरळ आडनाव असेल तर नकाशा थेट दारापर्यंत नेतो. म्हणून काम हातात घेताना आधी आडनाव दाट आहे की विरळ ते ठरवा आणि मोबदला त्यावर सांगा. दाट आडनावाला तिप्पट वेळ गृहीत धरा.

आता समुद्रापलीकडे. 1876 ते 1915 या काळात सुमारे 1 कोटी 40 लाख लोक इटली सोडून गेले. पिएमोंतेचे शेतकरी मोठ्या संख्येने अर्जेंटिनाच्या सांता फे आणि कोर्दोबा या प्रांतांत उतरले. सांता फेमधलं राफाएला शहर आजही कुनेओ जिल्ह्यातल्या फोसानोशी भगिनी-शहर म्हणून जोडलेलं आहे. बुएनोस आयरेसची सेमला ही संस्था बंदरात उतरलेल्यांची यादी शोधू देते. नाव, वय, धंदा, जहाज, निघाल्याचं बंदर, पोचल्याची तारीख एका ओळीत मिळते. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र बऱ्याचदा नुसतं ‘इटली’ किंवा ‘अज्ञात’ असतं. निघाल्याचं बंदर जेनोवा दिसलं की घाईत तेच मूळ गाव धरलं जातं. जेनोवाला फक्त बोट लागत होती.

पहिलं नाव इटालियनमध्येच टाकत राहिलात तर हाती काही लागणार नाही. जोव्हान्नीचा हुआन होतो, जुझेप्पेचा होसे, पिएत्रोचा पेद्रो, दोमेनिकोचा दोमिंगो. दोन्ही रूपांनी शोधा आणि वयात दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा. आपल्याकडच्या सवयीने आणखी एक घोळ होतो: बायकोला नवऱ्याच्या आडनावाने शोधणं. इटालियन नोंदींत बाई माहेरच्या आडनावानेच राहते, जहाजाच्या यादीतही. सेमलाला तीन तारे. काही याद्या उरलेल्याच नाहीत, त्याला संस्था काय करणार.

अमेरिकेचं काम असेल तर न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या तपासणी केंद्राच्या (1892 ते 1954) याद्या मोफत बघता येतात. ‘तिथल्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ ही कहाणी गिऱ्हाईक हमखास ऐकवेल. यादी जहाज कंपनीने निघतानाच भरलेली असायची. तिथला अधिकारी तीच समोर ठेवून माणसं तपासायचा. आडनावं बहुतेक पुढे, कामाच्या ठिकाणी नाहीतर शाळेत बदलली. 1907 नंतरच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो. ही यादी दोन पानांवर पसरलेली असते, म्हणून पहिलं पान सापडल्यावर पुढची प्रतिमा उघडायला विसरू नका.

गाव हाती आलं की खरी कामाची जागा, आंतेनाती. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं हे पोर्टल 2011 पासून चालू आहे. खातं नको, पैसे नकोत. नावाने शोधायची सोय आहे, पण नोंदींच्या थोड्याच भागाची नावं सूचीत चढली आहेत. तिथे ‘सापडलं नाही’ आलं म्हणजे नोंद नाही असं मुळीच नाही. वही उघडून चाळायची. नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या पंड्यापुढे बसलं की तो आधी गाव विचारतो, तशीच इथली रीत. आधी कोमुने म्हणजे गावची नगरपालिका, मग साल, मग वहीचा प्रकार: नाती म्हणजे जन्म, मात्रिमोनी लग्न, मोर्ती मृत्यू. वर्षाची सूची बहुतेक वेळा वहीच्या शेवटी असते, तिथून सुरू करा. जुन्या वह्यांत ती कधी आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेली असते. सूचीतला आकडा नोंदीचा क्रमांक असतो, पानाचा नव्हे. तेव्हा वही मध्यावर उघडा, क्रमांक बघा आणि अर्ध्या-अर्ध्याने पुढे-मागे सरका. तीनशे नोंदींच्या वहीत आठ-नऊ क्लिकमध्ये पोचता येतं.

जन्मनोंद वाचताना सगळ्यात वर दिसणारी तारीख लिहून मोकळे होऊ नका. ती नोंदणीची तारीख. 1865 च्या कायद्याप्रमाणे पाच दिवसांत जन्म नोंदवायचा असे. खरी जन्मतारीख आत चार-पाच ओळींनंतर, तीही अक्षरी येते. बापाच्या नावापुढे ‘फू’ असेल, जसं ‘जोव्हान्नी फू पिएत्रो’, तर पिएत्रो तेव्हा हयात नव्हता. ‘दी’ असेल तर हयात होता. नवखे या फूला आडनावाचा तुकडा समजतात. खरं तर आजोबाच्या मृत्यूची वही कुठल्या सालाच्या मागे शोधायची, हे तोच सांगतो. आडनाव लोहाराचं आणि धंदा ‘कोंतादीनो’ म्हणजे शेतकरी, हे सर्रास दिसतं. त्यात काही गौडबंगाल नाही. समासातल्या बारीक अक्षरांवरही नजर टाका, लग्न कुठे आणि कधी झालं ते पुष्कळदा तिथे टिपलेलं असतं.

पिएमोंतेचा एक वेगळा ताप आहे. फ्रेंच अमलातल्या, 1814 पर्यंतच्या सरकारी नोंदी फ्रेंचमध्ये आहेत. 1838 ते 1865 या काळात पाद्रीच दोन प्रती लिहायचा आणि त्यातली एक सरकारकडे जायची. 1 जानेवारी 1866 पासून नगरपालिकेच्या वह्या सुरू होतात. मधल्या 1814 ते 1838 या काळासाठी गावच्या चर्चला लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. अलीकडच्या साधारण 70 वर्षांच्या वह्याही आंतेनातीवर मिळत नाहीत. सगळ्या जिल्ह्यांचं काम पूर्ण झालेलं नाही आणि प्रतिमा जड आहेत. मोबाइलवर हाल होतात, लॅपटॉपच घ्या. अक्षर लागत नसेल तर नागपूरच्या बर्डीवर ए-थ्रीचा प्रिंट काढून भिंगाखाली वाचणं परवडतं. पानाचा कायमचा दुवा आणि प्रतिमेचा क्रमांक मात्र तेव्हाच टिपून ठेवा. साडेचार तारे.

फॅमिलीसर्चवर मोफत खातं काढावं लागतं. नावांची सूची इथे आंतेनातीपेक्षा मोठी आहे, पण ती बरीचशी स्वयंसेवकांनी वाचून तयार केलेली, त्यामुळे फेरेरोचा फेरेरा होऊन बसतो. शेवटच्या अक्षराऐवजी तारा-चिन्ह (*) टाकून शोधा आणि मूळ प्रतिमा बघितल्याशिवाय काहीही मान्य करू नका. नोंदीपुढच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ते पान घरून उघडत नाही. अशा वेळी तीच वही आंतेनातीवर बघा, बऱ्याचदा ती तिथे उघडी असते. चार तारे.

‘आडनावाचा इतिहास आणि राजचिन्ह’ अशी चकचकीत फाइल विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. राजचिन्ह एखाद्या घराण्याचं असतं, आडनावाच्या सगळ्यांचं नसतं. इटलीच्या 1948 पासूनच्या राज्यघटनेने सरदारकीचे किताबही मानलेले नाहीत.

कामाचं स्वरूप 2025 मध्ये बदललं आहे. 28 मार्चचा अध्यादेश आणि 23 मे रोजी झालेला कायदा क्रमांक 74 यांमुळे परदेशात जन्मलेल्यांना वंशाच्या आधारावर मिळणारं इटालियन नागरिकत्व मुख्यत्वे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच्या दुव्यावर आलं. पणजोबाचे कागद घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आगाऊ रक्कम घेण्याआधीच स्पष्ट सांगा. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या दाखल्याच्या अर्जासाठी कोमुने आता 300 युरोपर्यंत शुल्क लावू शकते. म्हणून आंतेनातीवर नोंद स्वतः शोधा, पूर्ण नाव, साल आणि नोंद क्रमांक हाताशी ठेवा आणि मगच मेल करा. मेल इटालियनमध्ये, चार ओळींचा पुरे. मागायची ती ‘कोपिया इंतेग्राले’, म्हणजे नोंदीची पूर्ण प्रत. साध्या दाखल्यात समासातल्या टिपा येत नाहीत. फोन करायचाच असेल तर नागपुरात दुपारचे साडेबारा वाजलेले असताना तिकडे उन्हाळ्यात नऊ आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. कचेऱ्यांचं कामकाज सकाळचं असतं, आपलं जेवण उरकल्यावर लगेच लावा.