क्लेअरचा डोंगर की मगरीच्या पिल्लाचं बेट?

सुट्टीत घरातल्या मुलांसाठी एकच छोटा व्हिडिओ गेम घ्यायचा असेल तर ‘अ शॉर्ट हाइक’ (2019) आणि ‘लिल गेटर गेम’ (2022) यांत निवड अवघड जाते. दोन्हींत प्राणी नायक, उड्या, चढाई, तरंगणं. आणि मरण्याची भानगडच नाही.

पहिल्यात क्लेअर नावाचा पक्षी आहे. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ती हॉक पीकच्या माथ्यावर निघते. सगळी गंमत सोनेरी पिसांत आहे. जितकी पिसं जास्त, तितका वेळ कडा चढता येतो, हवेत पुन्हा पंख मारता येतात. वर थंडीत ती पिसं गोठतात, तेव्हा आपोआप नियोजन करावं लागतं. पण मला तर वाटेत मासे पकडत रेंगाळायलाच जास्त आवडलं. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडाच्या एकट्या माणसाचं हे डोकं. संगीत मार्क स्पार्लिंगचं. दोनेक तासांत गोष्ट संपते.

‘मेगावॉबल’ या स्टुडिओच्या ‘लिल गेटर गेम’मध्ये मगरीचं पिल्लू कॉलेजातून घरी आलेल्या ताईला खेळात ओढू पाहतं. ताई मात्र लॅपटॉपमध्ये बुडालेली. राक्षस पुठ्ठ्याचे, मित्रमंडळी बेटभर. हा मोठा आहे, विनोदीही; पण छोटी छोटी कामं मध्येमध्ये एकसारखी वाटू लागतात.

लहान भावंडं असतील तर मगर घ्या. एका संध्याकाळीच संपवायचा असेल, तर क्लेअर. चढाईची मजाही तिच्याकडेच जास्त आहे.