रिक्वेस्ट्स: आठ महिने वापरली, एक स्टार टाइमआउटपायी कापला

रिक्वेस्ट्स म्हणजे पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधून वेबवरच्या सर्व्हरांशी बोलायची तयार लायब्ररी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, हिच्याच जोरावर दर पंधरा मिनिटांनी पोर्टलवरून ऑर्डरी उचलते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एका सकाळी मालकांचा फोन, "काय ओ, रात्रीपासून एकबी ऑर्डर नाही?" बघतो तर एरर नाही, लॉग कोरा. रात्री नऊला उत्तराची वाट बघत बसलेली स्क्रिप्ट सकाळपर्यंत तशीच बसलेली.

का, तर टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, तुम्ही दिला नाही तर ही बया वाट बघणं सोडतच नाही. 2011 पासूनची लायब्ररी, अख्खं जग वापरतंय, आणि डिफॉल्ट टाइमआउट नाही! डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मान्य. पण ते आपण वाचतो कधी? आग लागल्यावर. आता सर्व्हरला केलेल्या प्रत्येक कॉलला (5, 30) देतो: पाच सेकंद जोडणीला, तीस उत्तराला. त्यातही मेख आहे. तीस म्हणजे एकूण तीस नव्हे, सर्व्हर सलग तेवढा वेळ गप्प बसला तरच टाइमआउट. थेंब थेंब देत राहिला तर कॉल तासभर चालेल, आमच्या नळासारखा.

सर्व्हरकडून 404 (मागितलेलं सापडलं नाही) किंवा 500 (सर्व्हरचीच गडबड) आलं तरी आपणहून एक्सेप्शन, म्हणजे स्क्रिप्ट पाडणारी एरर, येत नाही, यावरही आधी चिडलो होतो. ते मागे घेतो. कुरिअरच्या ट्रॅकिंगला 404 म्हणजे पार्सल अजून स्कॅन झालेलं नाही, एवढंच. तिथे स्क्रिप्ट कोसळली असती तर मलाच ताप. जिथे एक्सेप्शन हवं तिथे ते उठवणारं रेझ-फॉर-स्टेटस लावतो. बाकी सगळ्यासाठी लायब्ररीचं सगळ्यांना पोटात घेणारं रिक्वेस्ट-एक्सेप्शन पकडलं की टाइमआउट, तुटलेली जोडणी, सगळं त्यातच येतं.

रिट्रायचा, म्हणजे फसलेला कॉल आपोआप पुन्हा करण्याचा, घोळ मात्र माझाच. 500 च्या पुढच्या एररींना तीनदा प्रयत्न, मधलं अंतर वाढत जाणारं, झकास चालत होतं. मूळ सेटिंगमध्ये पोस्ट (सर्व्हरकडे माहिती पाठवणारा कॉल, बुकिंग त्यानेच होतं) वगळलेलं असतं. मी शहाणपणा करून तेही यादीत घातलं. कुरिअरच्या बुकिंगचं उत्तर वेळेत आलं नाही, पण बुकिंग तिकडे झालेलं होतं. रिट्रायने दुसरं केलं. बार्शीच्या एका गिऱ्हाइकाच्या सहा टॉवेलांना दोन भाडी. कुरिअरवाले म्हणाले, तुमच्याच सिस्टिममधून आलंय.

चार स्टार. पोस्ट यादीतून काढलंय. 74 रुपये अजून माझ्या नावावर मांडलेले आहेत.